बाटलीत भरून नेता येत नाही: आडरानातली इलेक्ट्रिक बाइक

नाशिक जिल्ह्यातला वाघेरा घाट ओलांडून हरसूलच्या बाजूला गेलं की एका पाड्याच्या तोंडाशी टपरी लागते. चहा, बिस्किटं, वेफर्सच्या माळा आणि फळीखाली पाण्याच्या बाटल्यांत भरून ठेवलेलं पेट्रोल. असं पेट्रोल विकायला परवानगी नाही हे विकणाऱ्यालाही ठाऊक आहे आणि घेणाऱ्यालाही. पण पंप लांब, त्यामुळे अडल्यानडल्याला तीच बाटली कामाला येते. गेल्या सप्टेंबरात आम्ही चौघं तिथे थांबलो होतो. तिघांकडे पेट्रोलच्या गाड्या, माझ्याकडे मित्राकडून मागून आणलेली इलेक्ट्रिक. एकाची गाडी रिझर्व्हला आली होती. टपरीवाल्या दादांनी बाटली काढली, टाकीत ओतली, पैसे घेतले. दीड मिनिटात काम झालं. माझ्या डिस्प्लेवर बॅटरी १४ टक्के दिसत होती आणि टेम्पो उभा होता त्या गिरणाऱ्यापर्यंत अजून अठरा किलोमीटर जायचं होतं, त्यातला निम्मा रस्ता कच्चा.

सकाळपासून त्याच गाडीने मला जे चढ चढवले होते, ते मी एवढ्या वर्षांत पेट्रोलच्या गाडीवर इतक्या सहज कधी चढलो नव्हतो. म्हणजे एकाच दिवशी, एकाच गाडीवर, या यंत्राची सगळ्यात मोठी ताकद आणि सगळ्यात मोठी अडचण दोन्ही बघायला मिळाली. नाशिकमध्ये हल्ली बरेच जण विचारतात, "इलेक्ट्रिक डर्ट बाइक घ्यावी का?" त्यांच्यासाठी हे सविस्तर लिहितोय. माझं मत आधीच सांगतो. मोटर कुठेच कमी पडत नाही. अडचण परत येण्याची आहे.

मोटर इतकी चांगली का वाटते

पेट्रोलचं इंजिन ठरावीक आरपीएमला फिरत असतानाच ताकद देतं. फार हळू फिरायला लागलं की धापा टाकतं आणि बंद पडतं. ते बंद पडू नये आणि तरी चाक हळू फिरावं, यासाठी मध्ये क्लच आणि गिअर लागतात. चढावर अर्धा क्लच दाबून गाडी खेळवायची कला शिकायला वर्षं जातात. ती शिकेपर्यंत प्लेटा जळतात, चढाच्या मध्यावर गाडी बंद पडते आणि तिथून ती वळवून खाली आणताना घाम फुटतो. आडरानात नवीन माणूस पडतो तो बहुतेक वेळा वेगामुळे नाही, तर अशा बंद पडलेल्या गाडीमुळे.

इलेक्ट्रिक मोटरला हा प्रश्नच नाही. तारेच्या वेटोळ्यातून करंट गेला की चुंबकीय ओढ तयार होते, आणि त्या ओढीसाठी मोटर आधीपासून फिरत असण्याची गरज नसते. चाक थांबलेलं असतानाही पूर्ण टॉर्क, म्हणजे चाक फिरवणारा जोर, हाताशी असतो. गाडी चढाच्या मध्यावर थांबवा, श्वास घ्या, वाट कुठून काढायची ते बघा आणि थ्रॉटल हलकेच पिळा, गाडी तिथूनच पुढे सरकते. क्लच नाही, गिअर नाही, बंद पडणं नाही.

माझ्या बारा वर्षांच्या पुतण्याला मी पेठ रोडकडच्या एका खासगी पडीक रानात लहान मुलांच्या इलेक्ट्रिक बाइकवर शिकवलं. त्याआधी छोट्या पेट्रोल बाइकवर दोन रविवार घालवले होते. त्या दोन रविवारांत त्याचं सगळं लक्ष डाव्या हातात अडकलेलं असायचं, "काका, परत बंद पडली." इलेक्ट्रिकवर पहिल्याच तासात तो पुढे बघायला लागला. उभं कसं राहायचं, वजन कुठे टाकायचं, मागचा ब्रेक कधी, पुढचा कधी, या खऱ्या गोष्टी त्याच्या डोक्यात शिरायला लागल्या. पॉवर मी सेटिंगमधून पाव हिश्शावर आणून ठेवली होती. पेट्रोलच्या गाडीत हे इतकं सोपं नाही.

अर्थात मुरलेल्या रायडरला क्लचची आठवण येतेच. मोठा दगड किंवा आडवा ओंडका आला की तो क्लच झटकन सोडतो, फ्लायव्हीलमध्ये साठलेली ताकद एकदम चाकाला मिळते आणि पुढचं चाक उचललं जातं. मोटरवर हे वेगळ्या पद्धतीने, थ्रॉटलच्या झटक्याने करावं लागतं. जमतं, पण हाताला नव्याने शिकवावं लागतं. आणि शेवाळलेल्या कातळावर तोच तात्काळ टॉर्क घात करतो. थ्रॉटल जरा जास्त पिळला की मागचं चाक जागच्या जागी गरगर फिरतं आणि गाडी आडवी होते.

ही ताकद खेळण्यातली नाही. स्पेनमधल्या बार्सिलोनाजवळच्या स्टार्क फ्यूचर या कंपनीने २०२१ च्या शेवटी 'वार्ग' नावाची मोटोक्रॉस, म्हणजे मातीच्या ट्रॅकवरच्या शर्यतीची, बाइक दाखवली. ८० हॉर्सपॉवर, सहा किलोवॉट-अवरच्या आसपासची बॅटरी आणि सुमारे ११८ किलो वजन. ४५० सीसीच्या पेट्रोल मोटोक्रॉस बाइक साधारण १०५ ते ११२ किलोच्या असतात, म्हणजे फरक फार राहिलेला नाही. डिसेंबर २०२२ मध्ये आपल्या रॉयल एनफिल्डची मूळ कंपनी आयशर मोटर्सने याच कंपनीत ५ कोटी युरो गुंतवून सुमारे १० टक्के हिस्सा घेतला. भारतात अल्ट्राव्हायोलेटने मार्च २०२५ मध्ये 'शॉकवेव्ह' जाहीर केली. १२० किलो वजन, चार किलोवॉट-अवरची बॅटरी, रस्त्यावर नोंदणी होऊ शकेल अशी.

लाइट बिलातला युनिट घेऊन हिशेब करू

किलोवॉट-अवर म्हणजे दुसरं तिसरं काही नाही, महावितरणच्या बिलातला एक युनिट. यापुढे युनिटच म्हणतो.

एक लिटर पेट्रोलमध्ये सुमारे नऊ युनिट ऊर्जा असते आणि त्याचं वजन पाऊण किलोही भरत नाही. नऊ युनिटची बॅटरी करायची तर आजच्या तंत्राने ती पन्नास किलोच्या आसपास जाते. एवढंच बघितलं तर इलेक्ट्रिकने मैदानात उतरूच नये.

पण इंजिन त्या नऊ युनिटमधले सात युनिट उष्णतेत घालवतं. काही सायलेन्सरमधून जातात, काही रेडिएटरमधून, आणि काही तर आपल्या पोटरीला चटके देण्यात. चाकापर्यंत पोचतात ते जेमतेम दोन. मोटर मात्र बॅटरीतल्या युनिटचा ८५ ते ९० टक्के भाग चाकापर्यंत पोचवते. म्हणून एक लिटर पेट्रोलचं काम बॅटरीतले दोन, सव्वादोन युनिट करतात. हे एक गणित पक्कं लक्षात ठेवा, पुढे खरेदीच्या वेळी ते उपयोगी पडणार आहे.

आता ही ऊर्जा रानात जाते कुठे? मला वर्षानुवर्षं वाटायचं की चढ ऊर्जा खातो. एकदा कागदावर मांडलं आणि चकित झालो. गाडी आणि रायडर मिळून २०० किलो धरा. हे ओझं ३०० मीटर उंच चढवायला, म्हणजे मध्यम आकाराच्या एका डोंगरावर न्यायला, फक्त ०.१६ युनिट लागतो. घरातला दीड टनाचा एसी सहा-सात मिनिटांत तेवढी वीज ओढतो.

मग खातं कोण? चिखल. डांबरावर टायर सहज गडगडतो, मऊ मातीत तो प्रत्येक फिरकीला जमीन दाबत, खणत, बाजूला सारत जातो. हा अडथळा डांबरापेक्षा पाच ते दहा पट जास्त असू शकतो. त्याच २०० किलोंना दहा किलोमीटर डांबरावर नेताना चाकांच्या घर्षणापोटी साधारण ०.१ युनिट जातो. (वेगात हवेचा विरोध येतो तो वेगळा.) तेच दहा किलोमीटर आपल्या काळ्या मातीच्या पावसाळी चिखलातून नेलं तर ०.८ युनिटच्या घरात जातं, म्हणजे मघाच्या पाच डोंगरांएवढं. शिवाय चाक जागेवर फिरून वाया जाणारी ऊर्जा यात धरलेलीच नाही.

कंपनीने सांगितलेली रेंज रानात का टिकत नाही, याचं उत्तर इथे आहे. ती रेंज ठरावीक चाचणीत, कठीण पृष्ठभागावर मोजलेली असते. कंपनी खोटं बोलत नसते. आपणच ती गाडी वेगळ्या कामाला लावलेली असते. त्या सप्टेंबरच्या दिवशी माझ्या गाडीची बॅटरी साधारण साडेतीन युनिटची होती. बॅटरी वाचावी म्हणून गाडी गिरणाऱ्यापर्यंत छोट्या हत्ती टेम्पोत टाकून नेली होती. तिथून ३४ किलोमीटर गेलो आणि तीन युनिट संपले. भाताच्या खाचरांच्या बाजूची बैलगाडीवाट, दोन ओहोळ आणि एक लांबलचक निसरडा मुरुमाचा पट्टा एवढ्यात. डांबरावर तीच गाडी शंभर किलोमीटरच्या पुढे गेली असती.

"पण उतारावर चार्ज होते ना?" हा प्रश्न नेहमी येतो. होते, थोडीशी. ३०० मीटर चढायला मुळात ०.१६ युनिटच लागला होता, त्यातला निम्मा परत मिळाला तरी पुष्कळ झालं. रिजनरेशनचा, म्हणजे उतारावरच्या या चार्जिंगचा, खरा फायदा ताब्याचा आहे. थ्रॉटल सोडला की मोटरच गाडीला हळुवार मागे ओढते आणि घसरड्या उतारावर मागचं चाक लॉक होत नाही. मात्र एक धोका कुणी सांगत नाही म्हणून सांगतो. बॅटरी पूर्ण भरलेली असताना तिला आणखी वीज घेता येत नाही, त्यामुळे बऱ्याच गाड्यांमध्ये तेव्हा हा ओढा कमी होतो किंवा मिळतच नाही. डोंगरमाथ्यावरच्या मुक्कामात रात्रभर चार्ज करून सकाळी थेट उताराला लागलात, तर पहिल्या वळणावर गाडी कालच्यासारखी थांबणार नाही. १०० ऐवजी ९० टक्क्यांना चार्जर काढावा.

तापणं

मोटरमधली उष्णता करंटच्या वर्गाच्या पटीत वाढते. टॉर्क दुप्पट हवा असेल तर करंट जवळपास दुप्पट, आणि उष्णता चौपट. चिखलात अडकलेलं चाक सोडवताना, दगडांच्या चढावर ताशी पाच किलोमीटरने रेटताना, नेमका हाच जास्तीत जास्त करंटचा प्रकार चाललेला असतो, आणि वेग नसल्याने वाराही लागत नसतो. मोटर किंवा तिला मोजून वीज देणारा कंट्रोलर ठरावीक तापमानाला पोचला की सॉफ्टवेअर स्वतःहून पॉवर कमी करतं. गाडीचं काही बिघडलेलं नसतं, ती स्वतःला वाचवत असते. पण चढाच्या ऐन मध्यावर थ्रॉटल पिळूनही गाडी उचलत नाही तेव्हा पोटात गोळा येतोच.

नाशिकचा एप्रिल-मे चाळिशीला टेकतो. त्या दिवसांत तर सकाळी अकराच्या आत रायडिंग आटोपलेलं बरं. आणि घरी आल्या आल्या गाडी चार्जिंगला लावू नये. गरम सेलमध्ये वीज कोंबली की त्यांचं आयुष्य झपाट्याने कमी होतं. तासभर सावलीत उभी करा, बॅटरीच्या डब्याला हात लावून बघा, मग प्लग जोडा. पावसाळ्यात दोन-तीन महिने गाडी वापरणार नसाल तर बॅटरी भरून ठेवू नका आणि रिकामीही ठेवू नका. निम्म्याच्या आसपास असावी.

पाणी

जुलैमध्ये त्र्यंबकच्या बाजूला फरशी पुलावरून पाणी वाहत असताना पेट्रोल गाडी घालणारा प्रत्येक जण एकच प्रार्थना करत असतो, एअर फिल्टरमध्ये पाणी जाऊ नये. ते गेलं की सिलिंडरमध्ये पिस्टनने दाबायची हवा उरत नाही, पाणी येतं, पाणी दाबलं जात नाही आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. मग प्लग काढायचा, गाडी उलटी धरायची, किका मारून पाणी उडवायचं. इलेक्ट्रिक गाडी हवा ओढतच नाही, त्यामुळे हा प्रकारच निकालात निघतो. आयपी ६७ दर्जाचा बॅटरीचा डबा एक मीटर पाण्यात अर्धा तास राहिला तरी आत थेंब जाऊ नये, अशी अपेक्षा असते.

ही चाचणी मात्र नव्या डब्यावर झालेली असते. तीन पावसाळे खाल्लेलं रबरी सील, प्रेशर पंपाने जवळून धुतलेला कनेक्टर, दगडावर आपटून किंचित वाकलेलं झाकण, यांची चाचणी कुणी घेत नाही. ओल आत गेली की आजच्या चांगल्या गाड्या गळती ओळखून स्वतः बंद होतात. सुरक्षेच्या दृष्टीने हे योग्यच आहे. पण पेट्रोलची बंद पडलेली गाडी त्र्यंबकचा एखादा मेकॅनिक पिन आणि पान्यावर चालू करून देतो. बंद झालेला कंट्रोलर तिथे उघडायचाही नसतो. स्कूटरच्या बॅटऱ्या बहुधा ५०-६० व्होल्टच्या घरातल्या असतात. वार्गसारख्या गाडीत ३६० व्होल्ट खेळतात, तो धक्का जीव घेऊ शकतो.

दुरुस्तीबद्दल मला मनापासून काळजी वाटते. मायको (आताच्या बॉश) कंपनीच्या डिझेल नोझलवर आणि सातपूर-अंबडच्या कारखान्यांतल्या लेथवर ज्या शहरातले हजारो संसार उभे राहिले, तिथे पेट्रोल-डिझेल इंजिनाचा कुठलाही भाग समजणारा आणि घडवणारा माणूस गल्लीत सापडतो. बॅटरीचे सेल तपासणारा, कंट्रोलरचा बोर्ड वाचणारा माणूस अजून बोटांवर मोजण्याइतका आहे. अमेरिकेत आल्टा मोटर्स नावाच्या कंपनीने उत्तम इलेक्ट्रिक मोटोक्रॉस बाइक बनवल्या होत्या. ऑक्टोबर २०१८ मध्ये ती बंद पडली आणि चांगल्या गाड्या घेतलेले लोक सुट्या भागांसाठी एकमेकांना शोधत बसले. यंत्र जितकं सॉफ्टवेअरवर चालणारं, तितकं ते बनवणाऱ्या कंपनीच्या आयुष्याला बांधलेलं. आपल्या आयटीआयमधल्या मुलांच्या हातात हे काम लवकर यायला हवं.

आवाज नाही, ही गोष्ट साधी नाही

सगळ्यांना आवडणारी गोष्ट शांतता. ट्रॅकशेजारच्या वस्तीची तक्रार मिटते, रविवारी सकाळी मुलांना शिकवताना शेजारचा शेतकरी चिडत नाही. गाडीवर बसल्यावर टायरखाली खडी करकरते ती ऐकू येते, चेन ढिली झालेली ऐकू येते, पुढे ओढा आहे हे पाण्याच्या आवाजावरून कळतं. मला हा अनुभव फार भावला.

पण त्याच दिवशी, वाघेऱ्याच्या अलीकडे एका वळणावर, डोक्यावर लाकडाची मोळी घेतलेल्या एक मावशी समोर आल्या. वाट जेमतेम दीड माणसाच्या रुंदीची. मी वेगात नव्हतो, ब्रेकही वेळेवर लागला, पण त्यांना मी अगदी जवळ येईपर्यंत काहीच ऐकू आलं नव्हतं. त्या दचकून बाजूला झाल्या आणि मोळी खाली पडली. मी उतरलो, माफी मागितली, मोळी पुन्हा बांधून डोक्यावर चढवून दिली. त्या रागावल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "दादा, बैल येतो तरी घुंगरू वाजतं. तुमची गाडी आलेली कळतच नाही." पुढच्या बुधवारी मी गोदाघाटावरच्या बाजारातून बैलाच्या गळ्यातलं एक पितळी घुंगरू आणलं आणि हँडलला बांधलं. खडबडीत वाटेवर ते आपोआप वाजत राहतं, हॉर्नसारखं अंगावर येत नाही. तेव्हापासून कुणाचीही इलेक्ट्रिक रानात नेताना ते बरोबर असतं.

शांततेचा दुसरा अर्थ काही जण सोयीने काढतात. आवाज नाही, धूर नाही, मग जंगलात जायला काय हरकत? हरकत आहे. मागच्या चाकाचा टॉर्क पेट्रोलच्या गाडीइतकाच, किंबहुना त्याहून जास्त, माती उकरतो. अंजनेरी हे राखीव संवर्धन क्षेत्र आहे. तिथल्या कड्यांवर गिधाडं घरटी करतात, आणि पठारावर अंजनेरीच्या नावाने ओळखलं जाणारं कंदीलपुष्प उगवतं, जे जगात फार थोड्या जागी सापडतं. पावसाळ्यात कातळावरच्या बोटभर मातीत ते फुलतं. एका चाकोरीत ती माती धुऊन जाते आणि पुन्हा साठायला पिढ्या लागतात. रामशेजजवळच्या बोरगडलाही २००८ पासून असंच संरक्षण आहे. अशा ठिकाणी कुठलीच गाडी नेऊ नये. इंधन कोणतं, याने काही फरक पडत नाही.

धुराबद्दलही खरं बोलू. नाशिकच्या वाहिन्यांत येणाऱ्या विजेत एकलहऱ्यासारख्या कोळशावर चालणाऱ्या केंद्रांचा मोठा वाटा आहे. तो धूर आपल्या सायलेन्सरमधून येत नाही, इतकंच. तरी मोटर ऊर्जा वाया घालवत नसल्याने एकूण हिशेब इलेक्ट्रिकच्या बाजूने झुकतो, आणि छतावर सोलर असलेल्या घरात तर नक्कीच झुकतो.

आग, कायदा, पैसे

एप्रिल २०२२ मध्ये नाशिकजवळ कंटेनरमधून नेल्या जाणाऱ्या चाळीसपैकी वीस ई-स्कूटर जळाल्या होत्या, ते अनेकांना आठवत असेल. त्या वर्षी देशभर अशा घटना घडल्या आणि सरकारने बॅटरीसाठीचे एआयएस-१५६ हे नियम कडक केले. ते डिसेंबर २०२२ आणि मार्च २०२३ अशा दोन टप्प्यांत लागू झाले. प्रमाणपत्र असलेली बॅटरी घ्या, स्वस्तातला बिननावाचा पॅक घेऊ नका. रानात गाडी दगडावर जोरात आपटली असेल तर ती रात्री जिन्याखाली किंवा घरात ठेवू नका. इजा झालेला सेल काही तासांनीही पेटू शकतो. उघड्यावर, भिंतीपासून दूर ठेवा.

नोंदणी नसलेली डर्ट बाइक, इलेक्ट्रिक असली तरी, सार्वजनिक रस्त्यावर आणता येत नाही. ती टेम्पोतूनच न्यायची. '२५० वॉटच्या आत आहे, नोंदणी लागत नाही' असं सांगून अनेक गाड्या विकल्या जातात. ती सवलत २५० वॉट आणि ताशी २५ किलोमीटरच्या आतल्या, वजनाचीही मर्यादा पाळणाऱ्या गाड्यांना आहे. डोंगर चढणारी गाडी त्यात बसू शकत नाही. आणि अल्पवयीन मुलगा रस्त्यावर गाडी चालवताना गुन्हा घडला तर पालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५ हजार रुपये दंड होऊ शकतो.

चालवण्याचा खर्च अगदी कमी आहे. सहा युनिट म्हणजे साठ-सत्तर रुपये. स्पर्धेच्या पेट्रोल गाडीत काही तासांच्या रायडिंगनंतर ऑइल बदलावं लागतं आणि ठरावीक तासांनी पिस्टनही. इथे चेन, स्प्रॉकेट, ब्रेक आणि सस्पेन्शन एवढंच उरतं. पण बॅटरी हा गाडीच्या किमतीचा मोठा हिस्सा असतो आणि कधीतरी ती बदलावी लागणारच. वॉरंटीच्या कागदात 'ऑफ-रोड वापर' वगळलाय का, हे पैसे देण्याआधी शब्दन्‌शब्द वाचा.

तुमच्यासाठी आहे का, कसं ठरवाल

आज चालवताय त्या पेट्रोल गाडीवर तीन-चार फेऱ्यांची नोंद ठेवा, रानातल्या एका दिवसाला किती लिटर जळतं. त्याला दोनाने गुणा. तेवढे युनिट किमान लागतील. त्यावर एक तृतीयांश परतीसाठी जादा धरा.

सकाळचे दोन तास ट्रॅकवर घालवणारा एक-सव्वा लिटर जाळतो. साडेतीन युनिटच्या बॅटरीत त्याचं काम होतं. शिकणाऱ्या मुलाला त्याहूनही कमी पुरतं. दिंडोरी-निफाडकडचा द्राक्षवाला दिवसातून चार वेळा बागेच्या ओळींतून, चिखलातून, मोटरपंपापर्यंत आणि परत असा फिरतो. त्याचं अंतर ठरलेलं, घर जवळ, प्लग जवळ. त्याच्याइतका या गाडीचा योग्य मालक मला दुसरा दिसत नाही, आणि कंपन्यांनी त्याच्याकडे अजून नीट बघितलेलं नाही. पण जो सकाळी सहाला निघून हरसूल, पेठ करत संध्याकाळी घरी येतो, तो साडेतीन-चार लिटर जाळतो. त्याला परतीची शिल्लक धरून नऊ ते अकरा युनिट लागतील. शंभर-सव्वाशे किलोच्या गाडीत आज एवढी बॅटरी मिळत नाही. त्याने पेट्रोलच ठेवावं.

त्या सप्टेंबरच्या दुपारी टपरीच्या मागच्या घरात मी विचारलं. घरातल्या आजींनी पडवीतला प्लग दाखवला. चार्जर लावला तसा आतला बल्ब मिणमिणला आणि पंखा मंदावला. गावाच्या टोकाचं घर, डीपी लांब, व्होल्टेज मुळातच कमी. चार्जर सगळ्यात सावकाश चालणाऱ्या सेटिंगला आणला, मग बल्ब सावरला. सोबतचे तिघे म्हणाले, "थांबतो की, घाई काय आहे." दोन तास आम्ही पडवीत बसलो. आजींनी नागलीची भाकरी आणि उडदाचं पिठलं वाढलं. विजेचे पैसे घ्यायला त्या तयार नव्हत्या, नातवाच्या वहीखाली ठेवून निघालो.

डिस्प्लेवर ४४ टक्के होते. इको मोडवर, थ्रॉटल सांभाळत, चिखलाचा पट्टा टाळून लांबच्या डांबरी रस्त्याने गिरणाऱ्याला पोचलो तेव्हा अंधार पडायला आला होता. टोमॅटोच्या मार्केटबाहेर छोटा हत्ती उभा होता आणि बॅटरीत १७ टक्के उरले होते.